सातबारा माहीत होता, सात-अकरा माहीत नव्हता (दावा लिहून देणाऱ्या सेवेचा रिव्ह्यू, २ स्टार)

दोन स्टार देतोय आणि त्यातला एक एसीचा आहे. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कोर्टातून चालत त्यांच्या ऑफिसात गेलो की गार पाणी आणि एसी मिळायचा, ते खोटं कशाला बोलू. दुसरा स्टार टायपिंगचा, छान मोठा फॉन्ट, लेजर पेपर, निळं बाइंडिंग, हातात घेतलं की वाटायचं आता समोरच्याचं काही खरं नाही. बाकी तीन स्टार का कापले ते सांगतो, जरा लांब होईल, पण प्लॉटच्या भानगडीत अडकलेले नागपुरात काही मी एकटा नाही.

नाव घेत नाही कारण मला अजून एक केस नकोय. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आजूबाजूला अशी बरीच ऑफिसं आहेत त्यातलंच एक समजा. बोर्डावर वकील नाही तर 'लीगल कन्सल्टन्सी' लिहिलेलं, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे आणि कन्सल्टन्सीला विचारतो कोण. सगळं पॅकेजमध्ये मिळतं, भाडेकरूचं वेगळं, चेक बाउन्सचं वेगळं. मी घेतलं ते फसवणुकीचं, २१ हजार, त्यात एक नोटीस, दाव्याचा ड्राफ्ट, आणि पहिल्या तीन पेशींना उभा राहणारा एक पोरसवदा वकील.

माझं प्रकरण थोडक्यात असं. गांधीबागला कापडाचं लहान दुकान आहे. २०१५ च्या जूनमध्ये उमरेड रोडकडे एका लेआउटमध्ये १५०० फुटांचा प्लॉट घेतला, ११ लाखांत, पोरीच्या लग्नाच्या वेळी विकू म्हणून. नकाशा दाखवला त्यावर शिक्का होता, एजंट म्हणाला मंजूर नकाशाची नक्कल आहे, आपण विश्वास ठेवला, विक्रीपत्र झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपाउंड घालायला गेलो, मोजणी केली, तर मंजूर नकाशात माझ्या प्लॉटच्या जागी बगिचा. म्हणजे ओपन स्पेस. माझ्यासारखे अजून चार जण त्याच बगिच्यात प्लॉट घेऊन बसलेले. एवढं स्पष्ट फसवलेलं असताना कोर्टात काय अडचण येणार असं मला वाटलं, तुम्हाला पण वाटेल.

तर कन्सल्टन्सीत गेलो, साहेबांनी वीस मिनिटं ऐकलं. वीसच. त्यातली पाच मिनिटं त्यांचा फोन चालू होता. मी पावत्यांची पिशवी घेऊन गेलो होतो ती उघडलीच नाही, म्हणे "ते सगळं पुराव्याच्या वेळी दाखवू, आत्ता फक्त ड्राफ्ट स्ट्राँग पाहिजे". दोन दिवसांत ड्राफ्ट व्हॉट्सॲपवर आला. वाचून खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं. 'प्रतिवादी क्रमांक १ ते ५ यांनी आपसात संगनमत करून, पूर्वनियोजित कट रचून, अत्यंत धूर्तपणे व कपटाने वादीची घोर फसवणूक केली.' असं पानोपानी. माझ्या मनात सात-आठ महिने जे साचलं होतं ते कोणीतरी शुद्ध मराठीत लिहून दिलं असं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण यात आपल्या घरी ते चहाला आले होते ते नाही. मी म्हटलं कोर्टाला चहाचं काय.

नंतर बसून मोजलं तेव्हा 'संगनमत' शब्द ३१ वेळा होता. तारीख एकच, विक्रीपत्राची. आणि परिच्छेद १४ मध्ये 'सदर ट्रॅक्टर' असा उल्लेख. आमच्या प्रकरणात ट्रॅक्टर नाही. कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या दाव्यावर माझं नाव टाकलं होतं हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी म्हटलं टायपिंग मिस्टेक असेल. कापडात एक धागा सुटला दिसला की मी अख्खं थान उलगडून बघतो, इथं नाही बघितलं.

मार्च २०२४ ला दावा लागला. जूनमध्ये समोरच्या वकिलानं अर्ज टाकला, ऑर्डर ७ रूल ११. कोर्टात त्याला सगळे सात-अकरा म्हणतात. मला सातबारा माहीत होता, सात-अकरा नव्हता. कन्सल्टन्सीत विचारलं तर म्हणे "काही नाही, सगळेच टाकतात, टाइमपास आहे". तो टाइमपास आम्हाला घेऊन बुडाला.

हा अर्ज म्हणजे समोरचा म्हणतो, साहेब, यांनी जे लिहिलंय ते सगळं घटकाभर खरं धरा, तरीसुद्धा यात चालवण्यासारखं काही नाही, दावा दारातूनच परत करा. कोर्ट तेव्हा फक्त आपलं दावापत्र आणि त्यासोबत लावलेले कागद बघतं. समोरच्याचा जबाब बघत नाही, आणि आपल्या पिशवीतल्या पावत्या पण बघत नाही, त्या जर लावल्याच नसतील तर. माझ्या लावल्या नव्हत्या. ते 'पुराव्याच्या वेळी' होतं ना.

त्या दिवशीचं सांगतो. समोरचा वकील जास्तीत जास्त दहा मिनिटं बोलला, आवाजही चढवला नाही. आमचंच दावापत्र वाचत होता. म्हणाला, पाच जणांनी संगनमत केलं म्हणतात, कधी केलं, कुठे भेटले, कोण काय बोललं, एक ओळ दाखवा. जज मॅडमनी आमच्या पोराला विचारलं, प्रतिवादी ५ नं नेमकं काय केलं? प्रतिवादी ५ म्हणजे नकाशा काढणारा ड्राफ्ट्समन. पोरगं पानं उलटायला लागलं. मी मागच्या बाकावर बसून पानांचा आवाज ऐकत होतो. शेवटी ते म्हणालं, "मॅडम, त्यानं संगनमत केलं." मागे कोणीतरी हसलं. मग मॅडमनी विचारलं फसवणूक कळली कधी, कारण विक्रीपत्र २०१५ चं, दावा २०२४ चा, मुदत तीन वर्षांची. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं, नोव्हेंबर २०२२, मोजणीच्या दिवशी! पण ते लिहिलेलंच नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये ऑर्डर आली, वादपत्र नामंजूर. कोर्ट फी गेली.

आता कन्सल्टन्सीचं आफ्टर सेल्स सर्व्हिस बघा. म्हणे हायकोर्टात अपील करू, त्याचं पॅकेज ६० हजार. मी विचारलं दाव्यात तारखा का नाही टाकल्या, तर म्हणे "तारखा टाकल्या की समोरच्याला बचाव करायला मिळतो, मोघम ठेवायचं असतं". हे वाक्य मी विसरणार नाही. एवढ्या आत्मविश्वासानं चुकीचं बोलणारा माणूस मी आमच्या मार्केटमध्ये पण बघितला नाही, आणि आमच्या मार्केटमध्ये पॉलिस्टरला कॉटन म्हणून विकतात. वर अपील लागणार जिल्हा न्यायालयात की हायकोर्टात हे दाव्याच्या रकमेवर आणि कुठल्या कोर्टाची ऑर्डर आहे त्यावर ठरतं, ते यांनी बघितलं पण नाही, थेट हायकोर्ट.

मग एका ओळखीच्यानं धंतोलीला एका म्हाताऱ्या वकिलांकडे पाठवलं. एसी नाही, कूलर, तोही आवाज करणारा. त्यांनी ऑर्डर वाचली, ड्राफ्ट वाचला, ट्रॅक्टरपाशी थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊ, कोर्टानं तुम्हाला फसवलं गेलं नाही असं कुठेच म्हटलं नाही. तुम्ही सांगितलंच नाही एवढंच म्हटलंय." वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला काय झालं ते समजावून सांगितलं.

त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता काढून ऑर्डर ६ रूल ४ दाखवला. फसवणूक, खोटी बतावणी, विश्वासघात, दबाव, असा आरोप करायचा तर तपशील द्यावाच लागतो, लागेल तिथं तारखा आणि बाबींसकट. बाकी दाव्यात महत्त्वाची तथ्यं थोडक्यात लिहिली तरी चालतात, पुरावा लिहायचा नसतो, पण फसवणुकीचं तसं नाही. मी विचारलं, फसवणाऱ्यालाच एवढं संरक्षण काहून? तर म्हणाले, कारण 'तू चोर आहेस' असं कोणावरही दोन ओळीत टाइप करता येतं आणि मग तो माणूस दहा वर्षं पेशीला येत राहतो. तेव्हा मला नाही पटलं. पुढे पटलं, ते सांगतो.

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली. हा नियम सुप्रीम कोर्टानं अगदी सुरुवातीलाच, १९५१ मध्ये, बिशुनदेव नारायण विरुद्ध सिवगेनी राय या निकालात स्पष्ट केलाय, की शब्द कितीही जहाल वापरा, मोघम आरोप म्हणजे फसवणुकीचा आरोपच नव्हे. आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, आपल्या नागपूर हायकोर्टाचे त्याआधीचे चीफ जस्टिस. म्हणजे ज्या नियमानं माझा दावा उडाला तो नागपूरच्याच माणसानं लिहून ठेवलेला आणि नागपुरातलीच कन्सल्टन्सी म्हणते मोघम ठेवायचं असतं! दुसरा निकाल आमच्या ऑर्डरमध्येच होता, १९७७ चा, टी. अरिवंदंदम विरुद्ध टी. व्ही. सत्यपाल, न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. शब्दांच्या चलाखीनं दाव्याला कारण असल्याचा नुसता आभास तयार केला असेल तर पहिल्याच सुनावणीत तो मोडून काढा असं त्यात आहे. आमच्या ड्राफ्टमध्ये तर चलाखी पण नव्हती, नुसतंच संगनमत.

अपील नको म्हणाले. सात-अकरानं वादपत्र नामंजूर झालं म्हणजे हरलो असं नाही, त्याच ऑर्डर ७ मध्ये रूल १३ आहे, मुदत शिल्लक असेल तर नव्यानं दावा टाकता येतो. मुदत तीन वर्षं, आणि फसवणूक असेल तर लिमिटेशन ॲक्टच्या कलम १७ प्रमाणे ती कळली तेव्हापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळू शकली असती तेव्हापासून. (गंमत म्हणजे फसवणुकीची व्याख्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या पण कलम १७ लाच आहे, मी दोन्हीत कायम गोंधळतो.) म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत वेळ. पण 'किंवा' च्या पुढचा भाग धोक्याचा, समोरचा म्हणणार की २०१५ लाच मंजूर नकाशा का नाही बघितला.

मग त्यांनी मला एक शंभर पानी वही आणायला लावली. खरंच, शाळेची. पानावर रेघा मारून रकाने, कोण, काय बोललं, कधी, कुठे, ते खोटं कसं, बोलणाऱ्याला ते खोटं आहे हे तेव्हाच माहीत होतं असं तुम्ही कशावरून म्हणता, आणि त्यावर विसंबून तुम्ही काय केलं. चार संध्याकाळी बसलो. पहिल्या संध्याकाळी मी फक्त शिव्या दिल्या, त्यांनी शांतपणे सांगितलं याला रकाना नाही.

आणि इथं बायको कामाला आली. ती जुनी कॅलेंडरं फेकत नाही, दुधाचा हिशोब त्यावर असतो म्हणून. २०१५ चं कॅलेंडर माळ्यावरून निघालं. २४ मे, रविवार, 'प्लॉटवाले ३ जण, चहा, नकाशा'. घ्या. कोर्टाला चहाचं काय म्हणत होतो मी! त्या तिघांची नावं, शिक्क्याची नक्कल कोणी हातात दिली, मंजूर आहे असं कोणी म्हटलं, सगळं बायकोला आठवत होतं, कोणी साखर कमी मागितली ते सुद्धा. २८ मेला बँकेतून २ लाखांचं आरटीजीएस, तेही लेआउटवाल्याच्या नाही, एजंटच्या खात्यात. २०१७ आणि २०१९ च्या दिवाळीत प्लॉटवर काढलेले फोटो, दगड जागेवर, आजूबाजूला कुठेच बगिच्याचा बोर्ड नाही. हे 'नीट चौकशी' वाल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दाव्यात गेलं, नकलेच्या शिक्क्यासोबत.

कटाचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. वकीलसाहेब म्हणाले कट काही कोणी स्टॅम्प पेपरवर करत नाही, त्यामुळे करारनामा दाखवा असं कोर्ट पण म्हणत नाही, पण कृती दाखवा ज्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. आणि दिवाणीत नुसतं ठरवलं एवढ्यानं भागत नाही, त्यातून तुमचं नुकसान झालं ते पण दाखवावं लागतं, फौजदारीत ठरवणं हाच गुन्हा होऊ शकतो, इथं तसं नाही. मग बाकीच्या चौघांची विक्रीपत्रं काढली. पाचही त्याच जून महिन्यातली, पाचही बगिच्यातली, आणि पाचहीवर साक्षीदार म्हणून सही एजंटची. ही एक ओळ त्या ३१ संगनमतांना भारी पडते हे मला पण कळतं, आणि मी बी.कॉम. आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो, त्याला फोनवर हे सांगत होतो तर म्हणाला काका इथं पण सेम आहे. तिथं फेडरल कोर्टात रूल ९ (बी) म्हणून आहे, फ्रॉडचा तपशील द्यावाच लागतो, आणि कटाबद्दल २००७ चा ट्वॉम्ब्लीचा निकाल, टेलिफोन कंपन्यांवर केस होती की एकमेकांच्या एरियात शिरायचं नाही असं त्यांनी ठरवून केलं, कोर्ट म्हणालं सगळे सारखं वागतात एवढ्यावरून ठरवून वागतात असं होत नाही, आतली काहीतरी वस्तुस्थिती लिहा. मला लगेच आमची कापड लाइन आठवली. सगळे एकाच दिवशी भाव वाढवतात, पण ठरवून नाही, शेजाऱ्याचं बघून. तिथल्या कोर्टाची कसोटी आपल्यापेक्षा कडक आहे म्हणे, लिहिलेलं पटण्यासारखं आहे का ते पण बघतात. लिहिलेली वस्तुस्थिती घटकाभर खरी मात्र तिथं पण धरतात.

आता ते पुढे पटलं म्हटलं होतं ते. पहिल्या दाव्यात प्रतिवादी ४ होता मूळ शेतमालक. ऐंशीच्या घरातला म्हातारा, धोतर-टोपी, उमरेडकडून एसटीनं यायचा. प्रत्येक पेशीला. मी त्याच्याकडे बघायचो पण नाही, माझ्या लेखी तो कटातला. नव्या दाव्याच्या वेळी वहीत त्याच्या नावाचं पान कोरं राहिलं. चार संध्याकाळी काढूनही एक ओळ नाही. वकीलसाहेब म्हणाले मग याला आणि त्या ड्राफ्ट्समनला काढा. नंतर एकदा मीच त्याच्या गावी गेलो, का गेलो माहीत नाही, बहुतेक लाज वाटत होती. तो म्हणाला, "मले तं एजंटनं आंगठा दे म्हने, दुसरा नकाशा आहे, पयल्यात चूक झाली म्हने. पैसे बी अर्धेच भेटले बाप्पा. मंग तुमची नोटीस आली, मी चोर आहो म्हून. नात्याच्या लग्नात लोकं इचारत होते." दुसरा नकाशा! म्हणजे एजंटला तेव्हाच माहीत होतं की दोन नकाशे आहेत. 'त्याला माहीत होतं हे कशावरून' या रकान्यात माझ्याकडे तोपर्यंत काही ठोस नव्हतं, आणि ते ज्या माणसाला मी दहा महिने कोर्टाच्या बाकावर बसवलं त्यानं चहा पाजून सांगितलं. तो आता आमचा साक्षीदार आहे. २१ हजारांच्या पॅकेजमध्ये कोणी त्याला एकदा भेटायला गेलं असतं तर.

जून २०२५ ला नवा दावा टाकला. १९ पानं, आधीचा ४२ होता. संगनमत दोनदा. पावत्या, आरटीजीएस, कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स, सगळं सोबत लावलं. समोरच्यानं परत सात-अकरा टाकला, दिवाळीनंतर तो फेटाळला गेला. तेव्हा समोरचे वकील उभे राहून पानं उलटत होते, हे बघायला बायकोला मुद्दाम घेऊन गेलो होतो, येताना तर्री पोहे खाल्ले. फेटाळला म्हणजे जिंकलो नाही हे मला माहीत आहे, सिद्ध करायचं सगळं बाकी आहे.

कोर्टाबद्दल पण एक तक्रार नोंदवतो. लवकर निकाली काढायचा म्हणून जो अर्ज आहे तो पहिल्या वेळी सात महिने पडून होता. खराब दावा दारातून परत करायचा तर महिन्याभरात करा ना, म्हणजे माणसाला दुरुस्त करून परत यायला वेळ राहील. माझी मुदत शिल्लक होती म्हणून वाचलो. बगिच्यातल्या बाकी चौघांपैकी एकाला २०२१ लाच कळलं होतं, कागद आहे तसा, त्यानं पण याच कन्सल्टन्सीतून दावा टाकला होता. त्याचं काय होईल सांगता येत नाही.

पैशाचं विचाराल तर धंतोलीच्या वकिलांनी ४० हजार घेतले, दोन हप्त्यांत, वहीचे ३५ रुपये माझे. कोर्ट फी दोनदा. कन्सल्टन्सीकडे २१ पैकी निदान दहा परत मागितले, त्यांनी टर्म्स अँड कंडिशन्स दाखवल्या, त्यात 'निकालाची हमी नाही'. बरोबर आहे, निकालाची हमी मी मागतच नव्हतो, ट्रॅक्टरबद्दल विचारत होतो. मागच्या आठवड्यात त्यांचा व्हॉट्सॲप मेसेज आला, 'आमच्या सेवेबद्दल आपला बहुमोल अभिप्राय द्या'. तो हा. आणि खाली मी त्यांना विचारलंय की माझी फाइल नेमकी कोणी लिहिली, कोणत्या तारखेला, आणि परिच्छेद १४ आधी कोणाचा होता. दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.